सोलापूरची थंडी आणि सत्काराच्या शाली

नोव्हेंबर लागला की इन्स्टावर विंटर आउटफिट सुरू होतात, लाँग कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, वर मफलर, आणि आपण इथं सोलापुरात दुपारी दोनला पंखा लावून बसलेलो. आपली थंडी म्हणजे पहाटेची आणि रात्रीची. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा १५-१६ च्या आसपास, एखाद्या आठवड्यात त्याच्याही बराच खाली, आणि दुपारी परत ३०. सकाळी होटगी रोडनं स्कूटीवर जाताना दात वाजतात आणि डबा खाताना घाम येतो. एकच जाडजूड स्वेटर घेतला तर तो दिवसभर हातात नाहीतर डिकीत. त्यामुळे माझं मत असं झालंय की आपल्या थंडीला भारी गरम कपडे लागतच नाहीत, एकावर एक घालायचे आणि पटकन काढता येणारे पातळ कपडे लागतात, आणि ते बहुतेक सगळे आधीच कुणाच्या तरी कपाटात पडून आहेत.

पहिलं कपाट बाबांचं. ज्या घरात एक मास्तर रिटायर झालाय त्या घरात शालींना तोटा नसतो. निरोप समारंभ, सत्कार, पतसंस्थेचा वर्धापनदिन, कुणाची तरी एकसष्टी, सगळीकडे शाल-श्रीफळ. नारळाची चटणी होते, शाल कपाटात जाते. बऱ्याचशा अॅक्रिलिक नाहीतर व्हिस्कोसच्या, मरून, हिरव्या, मोरपंखी, काठाला चमचमती जर. तशीच अंगावर घेतली तर माणूस आत्ताच स्टेजवरून उतरल्यासारखा दिसतो, म्हणून मी काठ उसवून काढते, शाल मधोमध उभी कापते, कडेला पिको. एका शालीचे दोन स्टोल. ऑफिसला साधा कॉटनचा कुर्ता, खाली जुनी जीन्स, गळ्यात मरून स्टोल, झालं. स्कूटीवर तोच डोक्याला आणि कानाला, ऑफिसात एसी लावला की तोच खांद्यावर.

दुसरी गोष्ट शाळेचे स्वेटर. मोठ्या मुलांचे ३८-४० साइजचे नेव्ही ब्लू, व्ही गळ्याचे, दहावी झाली की कुणी हात लावत नाही. बिल्डिंगमधे विचारलं तर आनंदाने देतात. खिशावरचा शाळेचा बिल्ला उसवला की तिथं गडद चौकोन राहतो, बाकीचा रंग उडालेला असतो ना. तो झाकायला शेजारच्या अक्कांनी कसुतीचं, म्हणजे उत्तर कर्नाटकातल्या भरतकामाचं, छोटं गोपुर काढून दिलं (त्यांचं माहेर विजापूरकडचं, इरकलीच्या पदरावर बोट ठेवत ठेवत शिकवतात). पांढऱ्या किंवा पिवळ्या प्रिंटेड कुर्त्यावर हा स्वेटर इतका छान दिसतो की कुठून घेतलास असं विचारतात, आणि मी शाळेचं नाव सांगते.

आता जुन्या कपड्यांचे ढीग. आठवडी बाजारात ताडपत्रीवर ढीग टाकलेला असतो, पन्नास-शंभरपासून सुरू. त्यातला काही माल आपल्याच घरांतून गेलेला, बोहारणीला स्टीलच्या डब्यावर दिलेला, ती निवडते, धुते, टाके घालते, मग पुढे विकते, आणि काही बाहेरून आलेला. परदेशात वापरलेले कपडे गुजरातेत कांडल्याच्या एसईझेडमधे (निर्यातीसाठीच्या खास औद्योगिक क्षेत्रात) निवडले जातात, आणि जुने लोकरी कपडे फाडून पानिपतला त्याचं परत सूत काढतात, त्याची ब्लँकेटं होतात. ढिगात जे लांब लोकरी कोट दिसतात ते बर्फाच्या देशातले, दिसायला जबरदस्त, पण इथं घालून जाणार कुठं? माझी नजर असते पुरुषांच्या चेक्सच्या जाड कॉटन शर्टांवर. एक साइज मोठा घ्यायचा, बटणं उघडी ठेवून कुर्त्यावर किंवा टीशर्टवर जॅकेटसारखा घालायचा, बाह्या दुमडायच्या, दुपारी कमरेला बांधायचा. घेताना कॉलरच्या घडीत आणि काखेत आधी बघायचं, मग कोपर उजेडाकडे धरायचं, कापड विरलेलं असेल तर तिथूनच कळतं. चेन अडकत असेल तर सोडून द्या, नवीन चेन आणि मजुरी धरून जॅकेट ढिगापेक्षा महाग पडतं.

लोकर आहे म्हणून विकलं तरी बहुतेक वेळा अॅक्रिलिकच असतंय. घरी आल्यावर आतल्या शिवणीतून एक दोरा ओढून जाळून बघा, लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास आणि बोटानं चुरगळणारी राख, अॅक्रिलिक असेल तर वितळून कडक मणी. हे धुण्यासाठी माहीत पाहिजे. कॉटनला गरम पाणी चालतं, लोकरीला गरम पाणी दिलं की ती आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. थंड पाणी, रिठा, पिळायचं नाही, टॉवेलमधे गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून सावलीत वाळवायचं. दोरीवर टांगलेला स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो.

आईला हे सगळं अजून पटलेलं नाही. "कुणाच्या अंगावरचं काय की गं, मेलेल्या माणसाचं असलं म्हंजे?" मी म्हटलं, आई, तू रोज आज्जीची वाकळ पांघरून झोपतीस, ती कुणाच्या लुगड्यांची आहे? त्यावर "ते घरचं आहे" असं उत्तर आलं आणि विषय संपला. पण त्या वाकळेवरूनच मला बिनबाह्यांच्या जॅकेटची आयडिया मिळाली. आज्जीची एक इरकल अंगात पार विरलेली पण काठ शाबूत, ती बाहेरून, आत दोन जुन्या सुती साड्यांचे थर आणि सगळीकडून धावदोरा. हे जॅकेट स्वेटरपेक्षा उबदार आहे आणि टोचत नाही.

त्याला बटणं नाहीत, बंद लावलेत. ही कल्पना संक्रांतीला इथं भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतली, सिद्धेश्वरांचे नंदीध्वज धरणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदीकडे (बंदांनी बांधायचा अंगरखा) लहानपणापासून बघतोय पण त्यातली सोय कधी लक्षात आली नव्हती. बंद असलेला कपडा कमी-जास्त आवळता येतो, त्यामुळे तो एकाच मापाच्या माणसाचा राहत नाही. माझं जॅकेट बहिणीलाही होतं, वहिनीलाही, आत कुर्ता असो नाहीतर स्वेटर. जुना कपडा चार जणींत फिरायचा असेल तर याच्यापेक्षा चांगलं काही नाही. संक्रांतीला मात्र मी काही शिवत बसत नाही, आईची काळी चंद्रकळा मागून घेते आणि संध्याकाळी यात्रेच्या होम मैदानाला वर तोच शाळेचा स्वेटर. धूळ इतकी असते की चांगलं काही घालायची हिंमतच होत नाही.

सोलापुरी चादरीचं जॅकेट हल्ली फार दिसतं. मला आवडतं पण दोन गोष्टी सांगते. नवी चादर कापू नका, आठ-दहा वर्षं धुतलेली घ्या, नवी इतकी कडक आणि जड असते की बसमधे बसता येत नाही. आणि आपल्या चादरीला दोन्ही बाजूंनी डिझाइन असतं, रंग उलटे, इकडे लाल जमिनीवर पांढरी नक्षी तर तिकडे पांढऱ्यावर लाल, त्यामुळे नीट शिवलं तर दोन्हीकडून घालता येणारं जॅकेट होतं. पण कापलेल्या कडेचे दोरे भराभर सुटतात, सगळ्या शिवणींना आतून पायपिंग पाहिजेच, ते न करता शिवलेलं जॅकेट दोन धुण्यांत उसवतं.

आता नवीन घ्यायचंच झालं तर. ढाक्याजवळची राणा प्लाझा एप्रिल २०१३ मधे कोसळली, अकराशेच्या वर कामगार गेले, तेव्हापासून माझे कपडे कोणी शिवले असं जगभर विचारायला लागले. आपल्याला विचारायला लांब जायला नको, अशोक चौक, साखर पेठेकडे गेलं की मागांची खटखट रस्त्यावर ऐकू येते. पण लोकल आहे म्हणजे आपोआप एथिकल असं मी मानत नाही, इथं पॉवरलूमवर आणि शिलाईच्या कामात मजुरी पीसवर मिळते, काम नाही तर पैसे नाहीत, आणि चादरीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) असला तरी तो मालाच्या ओळखीचा आहे, पगाराचा नाही. म्हणून दुकानदाराला विचारायचं, कुणाच्या मागावरचं, पीसला काय देता. काही जण सांगतात, काही जण चिडतात, त्यावरूनही कळतं. खादी घेताना खादी मार्क बघते, आणि सांगोल्याकडची घोंगडी मिळाली तर भावात घासाघीस करत नाही, दख्खनी मेंढीची लोकर कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून हातानं विणलेली असते ती. अंगाला टोचते हे खरंय, आत पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता घाला. हुरड्याला शेतात रात्री बसायचं असेल तर तिच्यापुढे काही टिकत नाही, ठिणगी पडली तरी अॅक्रिलिकसारखी भसकन पेटत नाही.

राहिला शिंपी. हे अल्टरचं काम घेणारे काका आता कमी झालेत, आणि जे आहेत ते तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईच्या ब्लाउजमधे असे अडकतात की आपल्या जुन्या शालीला कोण विचारतंय. दसरा झाला की लगेच कपडा नेऊन टाका, सोबत घरातलं एक मापाला बसणारं जॅकेट द्या, आणि खिसे सांगायला विसरू नका, बायकांच्या कपड्याला ते स्वतःहून खिसा लावत नाहीत.