राणीच्या बागेत झाडांसाठी जा!

आज भाचरांना घेऊन राणीच्या बागेत गेलो होतो. पोरांना अर्थातच पेंग्विन बघायचे होते. माझा जीव मात्र झाडांत. भायखळ्याची ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, आणि ती मुळात वनस्पती उद्यान म्हणूनच लावलेली. प्राणी नंतर आले. हे आपण मुंबईकर पार विसरलोय!

कैलासपतीच्या झाडापाशी खूप वेळ थांबलो. याची फुलं फांद्यांवर नाही, थेट खोडातून फुटलेल्या दोरीसारख्या काड्यांवर येतात. धाकटीने खाली पडलेलं एक उचललं. जाड, गुलाबी पाकळ्या, आत नागाचा फणा आणि त्याच्याखाली इवलीशी पिंड. वास हाताला बराच वेळ राहिला. शिवाय म्यानमारहून आलेलं उर्वशीचं झाड आहे, गोरखचिंच आहे. दाट वस्तीच्या भायखळ्यात एवढी सावली म्हणजे श्रीमंतीच.

शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ चं. बाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला, तेव्हा क्रेन तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते पुढे जोडले म्हणून तो आज आपल्याकडे आहे. फोर्टातल्या काळा घोडा भागाला ज्याच्यावरून नाव पडलं, तो मूळ पुतळासुद्धा इथेच!

बाग बुधवारी बंद असते. सकाळी लवकर जा आणि पेंग्विनांच्या रांगेआधी झाडांखाली फिरून घ्या.