उचल घेतली तर लोन अडतंय काय?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी पगारपत्रक करते. वीस तारीख उलटली की खिडकीपाशी कुणीतरी येतो आणि हळू आवाजात विचारतो, "मॅडम, उचल घेतली तर पुढं लोन अडतंय काय ओ?" आता उचल मोबाईलवरही मिळते, भरलेल्या दिवसांचा पगार तारखेआधीच खात्यात पडतो. त्यामुळं विचारणारेही वाढलेत.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी बघा, पैसे कुणाचे आले? आपल्या भागात उसाच्या बिलाच्या पहिल्या हप्त्यालाही पहिली उचलच म्हणतात, आणि ते शेतकऱ्याचे स्वतःचे पैसे असतात. कंपनीनं तिच्या पैशातून दिलेली पगाराची उचलही तशीच, तुमच्या घामाची. ती मागताना आवाज खाली करायचं कारण नाही, आणि ती सिबिलला, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट कंपनीकडं, जातही नाही. पण ॲपच्या मागं फायनान्स कंपनी असेल आणि कागदावर ते तुमच्या नावचं कर्ज असेल, तर गोष्ट वेगळी. ॲपवरून दिलेलं कर्ज कितीही कमी मुदतीचं असलं तरी क्रेडिट कंपन्यांना कळवायचंच, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. दर महिन्याला एकदा घेतलं तर वर्षात बारा कर्जं दिसणार, आणि एखादी परतफेड चुकली तर तीही दिसणार. म्हणून बटण दाबण्याआधी करारात कर्ज देणारा म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. वाचून कळलं नाही तर मोबाईल घेऊन माझ्याकडे या.

आमच्या मोल्डिंगमधल्या एकानं ॲपला हातही लावला नव्हता. उचल कंपनीचीच, महिन्याला पाच हजार. सिबिल स्वच्छ. घराच्या कर्जासाठी बँकेनं तीन महिन्यांच्या स्लिपा मागितल्या आणि तिन्हींवर 'ॲडव्हान्स वजा' छापलेलं. हातात पडणारा आकडा सोळाऐवजी अकरा हजार. साहेबांनी अकरा धरूनच हप्ता बसवला आणि कर्ज कमी मंजूर झालं. अहो, ते पाच हजार त्याला त्याच महिन्यात आधी मिळालेले होते! मी कंपनीच्या लेटरहेडवर तसं पत्र दिलं. बँकेनं ते फाईलला लावलं, रक्कम वाढवली नाही. त्याला एक खोली कमी बांधावी लागली. ते पत्र मी अर्जासोबतच द्यायला हवं होतं, ही बोच अजून आहे. आता कर्जाचा विचार कानावर आला की मी सांगते, सहा महिने उचल थांबवा, स्लिपा कोऱ्या राहू देत.

उचल घेतली की सरकारी लाभ अडतात, अशी मात्र उगाच भीती पसरली आहे. उचलीनं उत्पन्न घटत नाही आणि वाढतही नाही. पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) मूळ पगारपत्रकावरच कापलं जातं. आजारपणात ईएसआयकडून सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते, तीत उचलीमुळं एक पैसाही कमी होत नाही. लाडकी बहीणसारख्या योजनेला कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. तिथं उचल वेगळी कमाई म्हणून मिळवायची नाही आणि कापलेली रक्कम वजाही करायची नाही. पासबुकात महिन्याला दोन जमा दिसतात म्हणून कुणी दुप्पट धरलं, तर पगारपत्रक पुढं करा.

आणि एक काम आजच करा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. आमच्या इथं एकाची फेडलेली कर्जं त्यात अजून चालूच दिसत होती. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तक्रारीचा मसुदा मी लिहून देईन.