जाम घाटानंच का? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्या-मुंबईहून कुणी पाहुणे इंदूरला आले की एक दिवस महेश्वरला जायचं ठरतंच. गाडी महूतून जाम घाटाच्या, म्हणजे मंडलेश्वरच्या रस्त्याला लागली की मागच्या सीटवरून प्रश्न येतो, "अहो, एबी रोड, आपला आग्रा-मुंबई हायवे, एवढा मोठा असताना हा आडरस्ता कशाला?" दर वेळी "बघाल तुम्ही" म्हणून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

एबी रोडनं तुम्ही महेश्वरला पोचता. जाम घाटानं मात्र तुम्ही माळव्याच्या पठारावरून खाली नर्मदेकाठच्या निमाडात उतरता, आणि ते अंगाला कळतं. महू समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, महेश्वर दीडशेच्या आसपास. शंभर मीटर उतरलं की हवा अर्ध्या-पाऊण अंशानं तापते, म्हणजे या एका उतारावर अडीच-तीन अंशांचा फरक पडतो. बाबा हे सगळं मफलरवर मोजायचे. मी आठ-नऊ वर्षांची असताना थंडीत आम्ही स्कूटरवरून महेश्वरला जायचो. बाबांच्या कानांना करकचून मफलर आणि मी त्यांच्या पाठीला चिकटलेली. घाट संपला की ते स्कूटर कडेला घेत, मफलर सोडत, घडी घालून डिकीत ठेवत आणि म्हणत, "आलं निमाड." पाटी वगैरे काही नव्हती तिथे, पण त्यांचं कधी चुकलं नाही.

महू सोडलं की बडगोंद्यापर्यंत गहू-हरभऱ्याची शेतं. मग सागवान सुरू होतो, रस्ता वळायला लागतो आणि एका वळणाशी समोर जाम दरवाजा उभा राहतो. काळ्या दगडाची कमान, वर खोल्या, पलीकडे एकदम काहीच नाही. विंध्याचा कडा तिथे संपतो आणि खाली निमाड पसरलेलं दिसतं. बरेच जण याला किल्ला म्हणतात. किल्ला नाही तो, गावाची वेसही नाही. तो रस्त्याचा दरवाजा आहे. अहिल्याबाईंनी तो 1791 साली बांधला, त्यांच्या निधनाच्या चार वर्षं आधी. गादी महेश्वरला आणि मुलूख वर माळव्यात, तेव्हा हा चढ म्हणजे होळकरांच्या राज्याचा जिनाच होता. 1818 मध्ये इंग्रजांशी मंदसोरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली आणि दरवाजा मागे राहिला. आपण इंदूरची मराठी माणसं राजवाड्यासमोरून रोज जातो, पण राजधानी होण्याआधीचं इंदूर मला या कमानीखाली जास्त जवळचं वाटतं.

तुम्ही महाराष्ट्रातून येता म्हणून आणखी एक सांगते. इथला काळा कातळ तुम्हाला ओळखीचा वाटतो, आणि तो ओळखीचाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्हाच्या थरांनी सह्याद्री घडला, त्यांचंच हे उत्तरेकडचं टोक. इथून थोडं पश्चिमेला जानापाव आहे. त्या एका डोंगरावरून चंबळ उत्तरेला यमुनेकडे निघते आणि चोरल नर्मदेला मिळते. बाबांनी मला हे दरवाजाच्या पायरीवर बसून खडूनं काढून दाखवलं होतं. भूगोलाच्या पुस्तकातली नदी मला तेव्हा पहिल्यांदा समजली.

कधी जायचं म्हणाल, तर पावसाळ्यातला रविवार सोडून. तेव्हा दरवाजात धुकं शिरतं, भुट्टे भाजण्याचा वास येतो, सगळं खरं आहे, पण गर्दीत पोरं फोटोसाठी कड्याच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहतात आणि माझा जीव टांगणीला लागतो. रात्रीही हा घाट नको. मला विचाराल तर जानेवारीतला मधला वार, सकाळी पोहे खाऊन निघायचं. खाली उतरलं की शेतांतून वेचायचा राहिलेला कापूस दिसतो, अंगणांत मिरच्या वाळत घातलेल्या असतात. रस्ता इतका शांत की काच खाली केली तर सागाचं वाळलं पान डांबरावर घासत गेलेलं ऐकू येतं.

यंदाच्या जानेवारीत बाबांना घेऊन गेले. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पायऱ्या चढवत नाहीत. दरवाजाशी गाडी थांबवली, तेव्हा ते खाली उतरले, कमानीच्या दगडाला हात लावून दोन मिनिटं उभे राहिले आणि परत येऊन बसले. घाटात काही बोलले नाहीत. मला वाटलं, डोळा लागला. शेवटचं वळण संपलं, रस्ता सरळ झाला आणि शेजारी हालचाल जाणवली. बाबा दोन्ही हातांनी मफलर सोडत होते. मांडीवर घेऊन त्यांनी त्याची नीट घडी घातली, समोरच्या खणात ठेवली.

"आलं," म्हणाले.