थंडीचं पित्त आणि पेंचची सकाळची सफारी: अंगावर काय घालायचं

"नागपुरात कसली आलीये थंडी!" हे ऐकून बॅग भरू नका. उन्हाळ्यात ४७.९ अंशांना पोचलेलं हे शहर २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांवरही उतरलं होतं. पेंचच्या जंगलात पहाट शहरापेक्षा गारच असते. इतरांचं काम एका स्वेटरवर भागतं. थंडी लागली की ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, ओठ किंवा हात सुजतात, त्यांचं भागत नाही. डॉक्टर याला कोल्ड अर्टिकेरिया म्हणतात. हा वृत्तांत अशांसाठीच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट. थंडीने कधी घसा आवळला असेल, दम लागला असेल किंवा चक्कर येऊन पडायची वेळ आली असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पहाटेच्या उघड्या जिप्सीत, म्हणजे सफारीच्या जीपमध्ये, बसू नका. त्यांनी अॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते खिशात हवं, डिकीतल्या बॅगेत नाही. ते कसं टोचायचं हे सोबतच्या एकाला तरी यायला हवं.

नागपूर ते पेंचच्या वाटेवरचं खवासा गाव साधारण ८० किलोमीटर, बंद गाडी, सरळ हायवे. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा घात पुढच्या १२ किलोमीटरांत, खवासा ते तुरिया गेट (जंगलाचं प्रवेशद्वार) या रस्त्यावर होतो. बरेच रिसॉर्टवाले पाहुण्यांना दारातूनच उघड्या जिप्सीत बसवतात आणि "गेट जवळच आहे" म्हणतात. गेट साडेसहाच्या सुमारास उघडतं, म्हणजे हा प्रवास सूर्य उगवायच्या आधी, सगळ्यात गार वेळेला. हवा ८ अंश आणि जिप्सी ताशी ४० वर असेल तर उघड्या कातडीला ती ३ अंशांसारखी लागते. अठरा-वीस मिनिटं. गांधी उठायला त्याहून कमी वेळ पुरतो. आत जंगलात गाडी हळू चालते, वारा निम्म्यावर येतो. त्यामुळे कपडे जंगल बघून न निवडता या १२ किलोमीटरांसाठी निवडा. त्याहून बरं म्हणजे गेटपर्यंत आपल्या बंद गाडीने जा आणि जिप्सीत तिथेच चढा. रिसॉर्टवाला कुरकुर करेल. करू द्या.

आता कपडे. पहिली खरेदी वारा अडवणाऱ्या जॅकेटची, स्वेटरची नाही. दुकानात कापड ओठांना घट्ट लावून जोरात फुंका आणि पलीकडे तळहात धरा. फुंकर तळहाताला लागली तर ते जॅकेट कितीही जाड असो, परत ठेवा. विणलेले लोकरी स्वेटर या परीक्षेत एकजात नापास होतात. दर हिवाळ्यात नागपुरात लागणाऱ्या तिबेटी बाजारातले स्वेटर ऊबदार असतात, पण ते मधल्या थरासाठी. चेनच्या मागे कापडी पट्टी हवी, नाहीतर छातीच्या मधोमध वाऱ्याची उभी रेघ लागते आणि गांधीही त्याच रेघेत उठतात. चेन धातूची असेल तर हनुवटीला टेकणारं टोक कापडाने झाकलेलं हवं. मनगटाला वेल्क्रो, कमरेला दोरी, डोक्याला टोपी. रंग खाकी किंवा मातकट.

आतला थर कातडीला लागतो, म्हणून तो मऊ आणि घाम ओढून घेणारा हवा: पातळ पॉलिस्टर थर्मल किंवा बारीक धाग्याची मेरिनो लोकर. जाड धाग्याची लोकर थेट अंगावर टोचते आणि मग खाज थंडीची की लोकरीची हे कळत नाही. सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, ओलं राहतं, आणि ओल्या कापडावर वारा लागला की अंग झपाट्याने गार पडतं. थर्मलचं इलॅस्टिक फार घट्ट नको. काहींना दाबाच्या जागीही गांधी उठतात. मधे एक फ्लीसचं (मऊ, लवदार कापडाचं) जॅकेट किंवा स्वेटर, बस्स.

जीन्स घालून जाऊ नका. मांडी आणि गुडघ्यातून वारा आरपार जातो. थर्मल पायजम्यावर साधी पँट आणि तिच्यावर पावसाळी पँट चढवा. ती सळसळते, पण चालतं.

हातांकडे कोणी लक्ष देत नाही. जिप्सीत उभं राहायचं तर समोरचा लोखंडी बार धरावा लागतो. रात्रभर उघड्यावर राहिलेला तो बार दव पडून ओला आणि बर्फासारखा गार असतो. उघड्या हाताने दोन मिनिटं धरला तरी बोटं लाल होऊन फुगतात. नंतर अंगठी निघत नाही. म्हणून अंगठ्या हॉटेलवरच काढून ठेवा. हातमोजे दोन: आत पातळ, बाहेर वारा अडवणारे, तळव्याला रबर किंवा रेक्झिन. नुसते लोकरीचे मोजे दव शोषतात आणि बाराइतकेच गार होतात. कॅमेऱ्यासाठी बोटं उघडी ठेवणारे मोजे या आजारात बाद.

चेहऱ्याला मफलरपेक्षा बफ (डोक्यातून घालायची कापडी नळी) बरा, तो सुटत नाही. मात्र श्वासाने नाकाजवळ ओला होतो, म्हणून दोन घ्या आणि अर्ध्या वाटेत बदला. व्हॅसलिनने ओठ फुटत नाहीत इतकंच, गांधी थांबत नाहीत. जिप्सीत मिळणाऱ्या धुळकट कांबळ्याच्या भरवशावर राहू नका. भाड्याची जाड जॅकेटंही नको. ती बहुधा फुंकरीची परीक्षा पास होत नाहीत.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. ऊन वर आलं की लोक आधी बाहेरचं जॅकेट काढतात. तोवर आतला थर घामाने दमट झालेला असतो. गाडी हलली, वारा लागला, आणि दहा मिनिटांत पाठभर गांधी. गाडी थांबलेली असताना मधला फ्लीस काढा आणि जॅकेट पुन्हा अंगात घाला. ऊन कितीही असो, गाडी चालू असताना वारा अडवणारा थर अंगावरच राहू द्या.

जंगलातल्या अलिकट्ट्याला गाड्या नाश्त्यासाठी थांबतात. तिथे उन्हात उभं राहिल्यावर पित्त उठतं आणि लोक म्हणतात, गवताची अॅलर्जी, किडा चावला. तसं नसतं. बऱ्याच जणांच्या गांधी थंडी सोसल्यावर, कातडी पुन्हा गरम होताना दिसू लागतात. थंडी मागे रस्त्यातच लागलेली असते. अशा वेळी कोणी आमसुलाचं पाणी चोळायला सांगितलं तर नको म्हणा, कारण ओली कातडी आणि वारा म्हणजे आणखी पित्त. कपडे कोरडे करा. चहा गरम प्या. रात्रभर गाडीत राहिलेल्या बाटलीतलं गार पाणी टाळा, त्याने ओठ-जीभ सुजू शकते.

सेटिरिझिनसारखी अॅलर्जीची गोळी डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितली असेल तर सहलीत खंड पडू देऊ नका. पित्त उठल्यावर शोधायची ती वस्तू नाही. डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका. झोप आणणारी गोळी घेतली असेल तर स्टीअरिंग दुसऱ्याकडे द्या.

कपड्यांची परीक्षा नागपुरातच उरकून घ्या. पहाटे सहाला, सोबतीला घेऊन, अमरावती रोडवर ताशी ४० ने दहा मिनिटं स्कूटरवर मागे बसा. घरी येऊन अर्धा तास थांबा आणि मान, मनगटं, कंबर, घोटे तपासा. गांध जिथे उठली तिथून वारा शिरतोय. ती फट बुजवा, मगच बुकिंग करा. ज्यांचा घसा कधी आवळलाय त्यांनी ही परीक्षाही करू नये.

दुपारची सफारी सुरुवातीला निवांत असते, पण परतताना ऊन गेलेलं असतं, म्हणून वारा अडवणारं जॅकेट तेव्हाही हवंच.

रिसॉर्टचा स्विमिंग पूल मात्र डिसेंबर-जानेवारीत पूर्ण बंद समजा. सकाळभर अंग झाकून आणलेला माणूस दुपारी "ऊन आहे ना" म्हणून त्यात उतरतो. वर ऊन असलं तरी रात्रभर निवलेलं पाणी गारच असतं, आणि गार पाण्यात एकदम सगळं अंग बुडालं की रक्तदाब कोसळून पाण्यातच शुद्ध जाऊ शकते. पाय सोडून बसायचीही हौस नको. आंघोळीआधी गीझरचं पाणी कोपरावर ओतून बघा, आणि टॉवेल खोलीत न ठेवता बाथरूममध्ये हाताशी ठेवा.