ब्लड बाउल शिकवायचा तर टर्नओव्हरपासून

आमच्या गेमिंग क्लबात नवा खेळ नेणाऱ्याला लोक थोडाच वेळ देतात. तेवढ्यात त्यांचे हात पटावर गेले नाहीत तर ते शेजारच्या टेबलाकडे वळतात, आणि मला ते रास्तच वाटतं. ब्लड बाउलचं नियमपुस्तक मात्र थोडक्यात सांगून होण्यासारखं नाही. संघांच्या याद्या, खेळाडूंची स्किल (खास कौशल्यं), हवामान, दुखापतींचे तक्ते, किकऑफच्या वेळी घडणाऱ्या घटना, सगळं त्यात आहे. म्हणून मी पुस्तक पिशवीतच ठेवलं आणि एकच नियम सांगायचा ठरवला: टर्नओव्हर.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी जरा ओळख. जर्विस जॉन्सन यांनी रचलेला हा पटावरचा, फाशांचा खेळ गेम्स वर्कशॉपने 1986 साली काढला. मैदान 26 बाय 15 घरांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, चेंडू एक. चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या ओळीत पोचलात की टचडाऊन. पूर्वार्धात दोघांना आठ-आठ टर्न, उत्तरार्धात पुन्हा तेवढेच. मूळ धागा अमेरिकन फुटबॉलचा आहे, पण मैदानात माणसांबरोबर ऑर्क, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग आणि स्केव्हन नावाची उंदीरमाणसं उतरतात, आणि समोरच्याला आडवं पाडणं हा खेळाचाच भाग आहे. बाहेर बसून हे सगळं चालवणारे आपण, म्हणजे कोच. अमेरिकन फुटबॉलचं ज्ञान शून्य असलं तरी काही बिघडत नाही. आमच्या क्लबात ते कुणालाच नव्हतं.

आता टर्नओव्हर. तुमच्या टर्नमध्ये तुम्ही तुमचे सगळे खेळाडू एकेक करून हलवू शकता. पण मध्येच तुमचा एखादा खेळाडू आडवा झाला, किंवा चेंडू उचलताना हातातून निसटला, की टर्न तिथल्या तिथे संपतो. ज्यांना अजून हात लावला नव्हता ते आहेत तिथेच उभे राहतात. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत हा नियम आला, आणि माझ्या मते आज आपण ज्याला ब्लड बाउल म्हणतो तो खेळ त्या वर्षी जन्मला.

मी मैदान मोडक्या डावासारखं मांडून ठेवलं होतं. चेंडू मध्यावर पडलेला, जवळ माणसांच्या संघाचा एक लाइनमन (संघातला साधा खेळाडू), पुढे ऑर्क लोकांची भिंत, आणि बाजूला दोन जोड्या एकमेकांना भिडलेल्या. शाळेत जाणाऱ्या एका मुलीला म्हटलं, ‘माणसांचा संघ तुझा, टर्न तुझा. काय करशील?’ तिने लगेच चेंडूकडे बोट दाखवलं. चेंडू उचलायला लाइनमनला फाशावर तीन किंवा अधिक हवे असतात. फासा पडला दोनचा.

‘झालं? संपला टर्न?’

‘संपला. आता ऑर्क.’

तिने बोर्डाकडे पाहिलं. तिचे दहा खेळाडू न हलता उभे होते, आणि चेंडूभोवती एकही राखणदार नव्हता. मागे उभे असलेले एक काका, जे एरवी फक्त बुद्धिबळाच्या टेबलावर दिसतात, ते पुढे वाकून म्हणाले, ‘म्हणजे बिनधोक चाली आधी, जोखमीच्या शेवटी. आणि चेंडू सगळ्यात शेवटी?’ बहुतेक वेळा हो, काका. आणि कधी कधी चेंडूच सगळ्यात आधी, कारण तो हातात आला की नाही यावर बाकीच्यांनी कुठे उभं राहायचं ते ठरतं. यावर ते दोघं वाद घालायला लागले, आणि मला पुढे काही समजावावं लागलं नाही. नियम पाठ होण्याआधी त्यांना खेळाचा मूळ प्रश्न कळला होता.

हा प्रश्न मला इतका आवडतो, कारण त्यात आपल्या अंदाजाची कसोटी लागते. एका फाशावर दोन किंवा अधिक म्हणजे जवळपास नक्कीच, असं आपल्याला वाटतं. सहातून पाच वेळा जमतं ना! पण असे तीन फासे ओळीने टाकायचे असले तर तिन्ही जमण्याची शक्यता 58 टक्क्यांपर्यंत खाली येते. तीन किंवा अधिकचे दोन फासे ओळीने हवे असतील तर 44 टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी. नवा कोच ‘हा इथून निसटेल, मग चेंडू उचलेल, मग एक घर जास्त पळेल’ अशी साखळी मनात बांधतो आणि प्रत्येक कडी सोपी वाटते म्हणून साखळीही सोपी समजतो. एका संध्याकाळीच हा भ्रम फिटतो. कागदावर टक्केवारी मांडून दाखवण्यापेक्षा दोन-तीन टर्न हातचे गेलेले बरे.

मग भिडलेल्या जोड्यांकडे वळलो. ब्लॉक म्हणजे शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला मारलेली धडक. तिचा फासा वेगळा असतो, त्यावर आकड्यांऐवजी चित्रं असतात. सहापैकी एका बाजूवर कवटी, म्हणजे मारणाराच पडतो. एकीवर दोघंही पडतात. दोन बाजूंवर समोरचा नुसता मागे ढकलला जातो, आणि उरलेल्या दोन बाजू त्याला खाली पाडण्याच्या. दोघांची ताकद सारखी असली तर एकच फासा, आणि मारणाऱ्याकडे ‘ब्लॉक’ याच नावाचं स्किल नसेल तर तीनात एकदा तुमचाच माणूस आडवा. पण शेजारी आपला एक मोकळा साथीदार आणून उभा केलात की ताकदीत एकाची भर पडते, दोन फासे मिळतात आणि त्यांतला हवा तो तुम्ही निवडता. धोका तीनात एकवरून नवात एकवर येतो. ‘फक्त एक माणूस शेजारी नेऊन ठेवला म्हणून?’ असं त्या मुलीने विचारलं, आणि लगेच मैदानभर नजर फिरवून कोण मोकळं आहे ते शोधायला लागली. फासे टाकायच्या आधी होणारी ही मांडामांड मला या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. नशीब आहेच, पण त्याच्यापुढे कुठल्या क्रमाने उभं राहायचं ते तुमच्या हातात आहे.

रीरोल मी त्या दिवशी मुद्दाम उशिरा सांगितले. संघाला प्रत्येक अर्धासाठी ठरावीक रीरोल मिळतात, आणि फसलेला फासा त्यातून पुन्हा टाकता येतो. आधीच सांगितले असते तर पहिल्याच ढकलाढकलीत उधळले गेले असते.

संघ कुणाला कुठला द्यायचा यावर माझं मत ठाम आहे. नवख्याला माणसं किंवा ऑर्क द्यावेत. माणसांना थोडं थोडं सगळं येतं. ऑर्क लोकांची चिलखतं दणकट, त्यामुळे पडले तरी बहुतेक वेळा उठतात. ड्वार्फ चिवट असतात पण त्यांतले बहुतेक एका टर्नमध्ये चारच घरं चालतात, त्यामुळे घाई असलेल्या माणसाला ते कंटाळवाणे होतात. स्केव्हनचा गटर रनर नऊ घरं पळतो, आणि कुणालाही मोहात पाडतो. पण त्याच्या मागे उभे असलेले उंदीर भराभर आडवे होतात, हे पचवायला थोडा अनुभव लागतो. हाफलिंग संघ पहिल्या दिवशी कुणाला देऊ नये. छोटे हाफलिंग आणि मोठाले चालते वृक्ष असा तो संघ दिसायला इतका गोड आहे की लहान मुलं हटकून त्यालाच हात घालतात, आणि मग ते हाफलिंग मैदानाबाहेर जाताना बघवत नाही. ज्याला हरण्यातही मजा येते अशा अनुभवी कोचकडे तो संघ शोभतो.

वेळेचा प्रश्न खरा आहे. पूर्ण सामना दोन-तीन तास सहज घेतो आणि नवख्यांना त्याहून जास्त लागतो. म्हणून पुढच्या भेटीत आम्ही सेव्हन्स खेळलो: सात-सात खेळाडू, लहान मैदान, अर्धात सहा टर्न. शिकण्यासाठी याहून चांगलं काही नाही. एकाच संध्याकाळी प्रतिस्पर्धी बदलता येतात, आणि हरलेल्याला लगेच दुसरी संधी मिळते.

पण क्लबात हा खेळ रुजला तो लीग सुरू केल्यावर. सुट्टा सामना चांगला असतो, लीग मात्र माणसाला बांधून ठेवते. दहा लाख सोन्याच्या नाण्यांत संघ उभा करायचा (ही खेळातली नाणी), आणि तेच खेळाडू सामन्यामागून सामने न्यायचे. टचडाऊनचे तीन गुण, प्रतिस्पर्ध्याला जायबंदी केलं तर दोन, नेमक्या पासचा एक. सहा गुण साठले की खेळाडूला आवडीचं एक स्किल देता येतं. म्हणजे दोन टचडाऊन करणारा साधा लाइनमन अचानक वेगळा होतो. आमच्या त्या काकांच्या ऑर्क संघात ‘खडकू’ नावाचा एक लाइनमन आहे, ज्याने एका सामन्यात निव्वळ योगायोगाने चेंडू झेलला आणि पळत सुटला. आता काका त्याला पुढच्या फळीत ठेवतच नाहीत. मार खाईल म्हणे.

त्यांची काळजी खरी आहे, कारण इथे मरणही असतं. आमच्याकडे 2020 ची आवृत्ती आहे. तिच्यात जायबंदी खेळाडूसाठी सोळा बाजूंचा फासा टाकतात, आणि पंधरा किंवा सोळा आले की तो गेला. संघात वैद्य असेल तर एखादा वाचतो. लीग सुरू होण्याआधी काही जणांनी मेलेले खेळाडू पुढच्या सामन्यात परत आणावेत असं सुचवलं होतं. मी विरोध केला आणि अजूनही करेन. खेळाडू परत येणारच असेल तर कोच त्याला कुठेही उभा करेल. तो जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक टर्नला त्याच्या जागेचा विचार होतो, म्हणूनच त्याला नाव ठेवावंसं वाटतं.

पुढच्या मोसमासाठी दोन गोष्टी ठरल्या आहेत. टर्नला चार मिनिटांचं घड्याळ लावायचं, कारण विचार करता करता रात्र होते. आणि नवा माणूस आला की त्याला पुस्तक न देता तेच मोडकं मैदान मांडून द्यायचं. ते मांडण्याचं काम त्या मुलीने मागून घेतलं आहे. तिने चेंडू आणखी दोन घरं पुढे, ऑर्क लोकांच्या अगदी कुशीत सरकवला आहे, आणि मला तिची मांडणी माझ्यापेक्षा चांगली वाटते.