भिंतीवरचा खिळा

अमृतमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि पहिल्यांदा आठवली ती जुन्या इमारतीतली, जिन्यावरची कोपऱ्यातली खोली. शाळेच्या आठवणी लिहा, असं पत्रात आहे. आठवणी पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलं की मी फिरून ड्रॉइंगच्या सरांपाशीच येतो. त्यामुळं त्यांच्याबद्दलच लिहितो. त्यांचं नाव लिहायची गरज नाही. खिशात पेन्सिलीचं टोक, हाताला टर्पेंटाइनचा वास, असं म्हटलं की माझ्या वेळच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते उभे राहतील.

१९७८ साल. मी नववीत होतो आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलो होतो. परीक्षेआधीचे सगळे रविवार सर सकाळी आठला खोली उघडून आम्हाला बसवायचे, एक पैसा न घेता. त्या रविवारी वस्तुचित्र होतं. स्टुलावर चौकड्यांचा टॉवेल, त्यावर पितळी तांब्या आणि दोन कांदे. माझा तांब्या फार छान जमला होता. मागची जागा मी करड्या रंगाचा एक सपाट हात मारून मोकळा झालो आणि कागद सरांना दाखवायला नेला.

"तांब्याच्या मागं काय आहे?"

"भिंत, सर."

"कशी आहे?"

"पांढरी."

सर रागावले नाहीत. त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून भिंतीसमोर ठेवली आणि म्हणाले, "बस इथं. दहा मिनिटं नुसता बघ. मग सांग कशी आहे."

पोरं हसत होती. मला रडू येत होतं. पण चार-पाच मिनिटांनी काहीतरी दिसायला लागलं. एक खिळा होता. त्यावर कधीकाळी तसबीर असावी, कारण खाली एक चौकोन उजळ राहिला होता. खालच्या बाजूला ओल येऊन चुन्याचे पोपडे सुटले होते. खिडकी डावीकडं, म्हणून खिळ्याची सावली उजवीकडं लांबट पडली होती. खिडकीजवळ भिंत पांढरी होती, पुढं पिवळसर होत होत कोपऱ्यात चक्क निळी झाली होती. मी हे सगळं सांगितलं तसे सर उठले आणि कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कॅलेंडरचं एक पान घेऊन आले.

योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराचं 'द मिल्कमेड' हे चित्र मी असं पहिल्यांदा पाहिलं. स्वयंपाकघरात एक धट्टीकट्टी मोलकरीण उभी आहे. पिवळी चोळी, निळं अॅप्रन, बाह्या वर सारलेल्या. ती मातीच्या भांड्यात दूध ओतते आहे. टेबलावर पावाचे तुकडे. दुसरं काही घडत नाही. सरांनी बोट ठेवलं ते मात्र बाईवर नाही, तिच्या मागच्या भिंतीवर. तिथं एक खिळा होता. खिळ्याची सावली होती. खिळे उपटून राहिलेली भोकं होती. खिडकीची एक काच फुटकी होती. "सव्वातीनशे वर्षांपूर्वीची भिंत आहे ही," सर म्हणाले. "ह्यानं खिळा सोडला नाही. तू सोडलास."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात व्हर्मीर हा घरचाच माणूस झाला. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात १६३२ साली जन्मला. बापाची खानावळ होती आणि चित्रांची खरेदी-विक्री. उभं आयुष्य त्याच गावात काढलं. सासूच्या घरात राहायचा, खिडकीपाशी बसून रंगवायचा. आज त्याची म्हणून मानली जाणारी चित्रं जेमतेम ३५-३७. निळा रंग वापरायचा तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दगड कुटून केलेला, त्या काळातला सगळ्यात महागातला, आणि तो त्यानं मोलकरणीच्या अॅप्रनला लावला. हे सांगताना सरांचा आवाज बदलायचा. आम्ही कॅम्लिनची निळी वडी पुरवून पुरवून वापरणारी मुलं, आम्हाला ते बरोबर कळायचं.

यथार्थदर्शन, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळताना दाखवणं, शिकवतानाही सरांनी व्हर्मीरचंच नाव घेतलं. फळ्यावर टाचणी ठोकली, तिला दोरा बांधला, दोऱ्याला खडू चोळला. एका मुलाला टोक ताणून धरायला लावून सर मधून दोरा उडवायचे. सुतार लाकडावर सूत मारतो, तसंच. सगळ्या रेषा टाचणीकडं पळायच्या. "जुने लोक असंच करायचे, व्हर्मीरनंसुद्धा असंच केलं असणार," असं ते म्हणाले होते. पुढं बऱ्याच वर्षांनी संशोधकांना त्याच्या डझनभर चित्रांत टाचणीचं बारीक भोक सापडलं. मिल्कमेडमध्ये ते तिच्या उजव्या हाताच्या वर आहे. हे संशोधन नव्वदच्या दशकातलं. सरांनी १९७८ साली कोल्हापूरच्या एस.टी.त बसून आणलेल्या पुस्तकांवरून ते ताडलं होतं. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो.

एकदा कुणीतरी विचारलं, "सर, तो खूप श्रीमंत झाला असेल ना?" सर थोडा वेळ गप्प बसले. मग सांगितलं, १६७२ ला फ्रान्सनं हॉलंडवर स्वारी केली, चित्रं विकली जाईनात. घरात दहा-अकरा मुलं. १६७५ च्या डिसेंबरात तो गेला, वय ४३. पाववाल्याचं ६१७ गिल्डरांचं (गिल्डर म्हणजे तिथलं नाणं) देणं होतं, त्यापोटी बायकोनं दोन चित्रं देऊन टाकली. पुढं जवळजवळ दोनशे वर्षं त्याचं नाव गावाबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्याचं 'मोत्याच्या डुलाची मुलगी' हे चित्र १८८१ साली लिलावात दोन गिल्डरांना गेलं.

सर सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हे तेव्हा मला ठाऊक होतं. दोन गोष्टींचा संबंध मात्र मी फार उशिरा जोडला.

मी चित्रकार झालो नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि पुण्यात ३२ वर्षं बांधकामाचा व्यवसाय करतो. देवाच्या दयेनं नाव मिळालं, माणसं जोडली. नवा सुपरवायझर ठेवला की मी त्याला गिलावा झालेल्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसवतो आणि दहा मिनिटांनी विचारतो, काय दिसलं. फुगवटा, भेग, ओळंब्यातला फरक, सगळं दिसतं. बघायला बसावं लागतं फक्त.

मुलगी नोकरीनिमित्त हॉलंडमध्ये असते. २०२४ मध्ये तिच्याकडं गेलो तेव्हा अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये गेलो. मूळ चित्र दीड फुटाच्या आतबाहेर उंच, रुंदी त्याहून थोडी कमी. म्हणजे सरांच्या कॅलेंडरच्या पानाएवढंच! मी समोर उभा राहिलो आणि आधी खिळा शोधला. आहे. सावलीसकट आहे. मुलीनं सांगितलं की २०२२ साली यंत्रानं रंगाच्या थराखाली पाहिलं, तेव्हा बाईच्या डोक्यामागं मातीचे चंबू टांगायची एक फळी सापडली आणि खाली एक मोठी टोपली. व्हर्मीरनं आधी काढली आणि मग बुजवून टाकली. म्हणजे भिंत रिकामी ठेवायची हे त्यानं विचार करून ठरवलं, आणि त्या रिकाम्या भिंतीवर खिळा तेवढा राहू दिला. तिथं मला सरांना फोन करावासा वाटला. सर २००९ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत मी त्यांना एकदाही नीट धन्यवाद दिले नाहीत, याची बोच आहे.

दिवाळीत काकूंकडं, म्हणजे सरांच्या पत्नीकडं, मिल्कमेडचं पोस्टकार्ड घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "अरे, ही आमच्या स्वयंपाकघरात होती की! पिठाच्या डब्याच्या वर. हे म्हणायचे, हिच्या हातात घाई नाही बघ." मग त्याच म्हणाल्या, "दूध किती बारीक धरलंय. एक थेंब सांडायचा नाही हिच्या हातनं."

जुनी इमारत पाडली हे मला उशिरा कळलं. भिंतीचा एक तरी फोटो काढून ठेवायला हवा होता. नव्या इमारतीत चित्रकलेला वेगळी खोली नाही, तास संगणकाच्या खोलीत होतो, असं ऐकलं. वाईट वाटलं, लपवत नाही.

या मनोगताबरोबर मिल्कमेडची मोठी प्रत पाठवतो आहे, मूळ चित्राच्या मापाची. जिथं चित्रकलेचा तास होतो तिथं, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावी, ही मुख्याध्यापकांना विनंती. भिंतीला टाइल्स असतील तर सांगा. ड्रिल आणि खिळा घेऊन मी स्वतः येतो.