उजाड

काकी बांधावरून जाता जाता एवढंच म्हणाल्या, "छान हिरवं होतं गं, उजाड केलंस." रागावून म्हणाल्या असत्या तर मीही काही बोलले असते. सहज म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

दुपारपासून तो शब्द डोक्यातून जात नाही. उतारावर माजलेली घाणेरीची झुडपं काढून काढून हात ओरखड्यांनी भरलेत, साबण लावलावून धुतले तरी तिचा वास जात नाही, आणि ऐकायला मिळालं काय, तर उजाड. घरातही कुणी विचारलं नाही, दमलीस का म्हणून. जाऊ दे, ते वेगळंच आहे.

हिरवं होतं, खरंय. पण त्याच्याखाली वाकून कुणी पाहिलं? ऊन पोचत नव्हतं, गवताचं पातं नव्हतं. घाणेरी गुरांनी खाल्ली तर त्यांचं यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते. नुसती छाटली तर दुप्पट फुटते, जाळली तरी बुडख्यातून वर येते. म्हणून एकेक बुडखा मातीखाली चार बोटांवर कुदळीने तोडायचा आणि मुळं वर करून वाळत ठेवायचा. फांदी ओल्या मातीला टेकली तरी तिथे मूळ धरते. यातलं बांधावरून काहीच दिसत नाही. तिथून नुसती माती दिसते.

काम थांबवून मी वळून पाहिलं, तेव्हा मलाही उजाडच दिसलं होतं. काकींच्या आधी. तेच खुपत असावं.

घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून आपल्याकडे आली. काकी लग्न होऊन आल्या तेव्हाही हा उतार तिनेच भरलेला असणार. इथलं दुसरं हिरवं त्यांनी पाहिलेलंच नाही. मी तरी कुठे पाहिलंय?

मधल्या भागात ऐनाची काही रोपं सापडली. काडीसारखी बारीक, उजेडाकडे वाकलेली, शेंड्याला चार पानं. त्यांच्याभोवती कोयता चालवायचा धीर होईना, हातानेच ओढून काढलं. इतकी वर्षं ती तिथे तगून होती, या विचाराने गळा दाटला. का, कोण जाणे.

पावसात मातीतलं बी उगवेल. बुलबुल, साळुंक्या आणखी आणून टाकतील, त्यांना कोण अडवणार? रोपं बोटभर असतानाच उपटायची, दर वर्षी, बस. एक-दोन पावसाळे उजाड दिसेल. दिसू दे. वाईट वाटायचं थांबलेलं नाही, पण कुदळ ठेवावीशीही वाटत नाही.

ओघळाकडची बाजू मात्र एकदम मोकळी करायची नाही. चढ उभा आहे, माती वाहून जाईल. तिथे उताराला आडवे पट्टे पाडून थोडं थोडं काढेन. वरच्या कोपऱ्यात फळं अजून हिरवी आहेत, ती काळी पडायच्या आत आधी तो कोपरा.